रूळ किती धरायचा, किती सोडायचा? उन्नत मेट्रोच्या रूळबांधणीच्या चाचण्या

आजचा विषय मेट्रोचा आहे, पण गाडीचा किंवा स्टेशनचा नाही. गाडीखाली रूळ असतो आणि रुळाखाली पूल. या दोघांना जोडणारी एक वस्तू असते, दोन हातांत उचलता येईल एवढी. तिला फास्टनर म्हणतात. आपण आज तिच्याबद्दल बोलू, आणि ती बसवण्याआधी तिची परीक्षा कशी घेतात ते पाहू.

आधी संख्या किती ते बघा. उन्नत मार्गावर दोन फास्टनरमधलं अंतर साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर असतं. आपण ७०० धरू. एका किलोमीटरमध्ये जाणारा आणि येणारा असे दोन मार्ग, म्हणजे चार रूळ. हिशेब केला तर किलोमीटरमागे ५,७०० फास्टनर होतात. मुंबईची वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. तिची लांबी ११.४ किलोमीटर आहे. याच हिशेबाने त्या एका मार्गावर डेपो सोडून ६५ हजारांच्या आसपास जोडण्या येतात. त्यातली एखादी ढिली झाली तर काही होत नाही. पण सगळ्या एकाच साच्यातून आलेल्या असतात, त्यामुळे साच्यात खोट असेल तर ती ६५ हजार ठिकाणी असते. म्हणून या वस्तूची परीक्षा आधीच आणि कडक घ्यावी लागते.

खडी गेली, तिची कामं राहिली

आपल्या लोकलच्या रुळाखाली खडी असते. ही खडी बरीच कामं करते. गाडीचं वजन खाली पसरवते, थोडी दबून स्प्रिंगसारखी वागते, पाणी निचरू देते, स्लीपरला जागेवर धरून ठेवते. वर, रूळ खचला तर गँगमन खडी ठोकून पातळी पुन्हा जुळवू शकतात.

पुलावर मात्र खडी महाग पडते. तिचं वजन पेलायचं तर गर्डर जाड करावा लागतो आणि खांबही. शिवाय रस्त्याच्या मधोमध, घरांच्या खिडक्यांसमोर, रात्रीच्या दोन-तीन तासांत खडी ठोकत बसणं व्यवहार्य नसतं. म्हणून उन्नत मेट्रोत काँक्रीटचा लांब ओटा बांधतात. त्याला प्लिंथ म्हणतात. रूळ फास्टनरने थेट त्या ओट्यावर बसवतात.

खडी गेली तरी तिची कामं राहतातच. ती सगळी फास्टनरवर येऊन पडतात. वरून खाली पाहिलं तर रचना अशी असते: रुळाचा पाय दोन्ही बाजूंनी दाबून धरणारी पोलादी स्प्रिंग क्लिप, रुळाखाली पॅड, मग लोखंडी बैठक, तिच्याखाली बहुधा आणखी एक रबरी पॅड, आणि हे सगळं ओट्यात रुतवलेल्या इन्सर्टमध्ये आवळलेल्या बोल्टने धरलेलं. प्रत्येक कंपनीचा आराखडा वेगळा असतो, पण कामं हीच.

ही अडचण सगळ्याच शहरांना आली आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या 'बार्ट' रेल्वेने १९६०च्या दशकात काँकर्ड ते वॉलनट क्रीक दरम्यान सुमारे ७ किलोमीटरचा चाचणी मार्ग बांधला आणि गाड्या, नियंत्रण यंत्रणा, रूळबांधणी हे सगळं त्यावर चालवून पाहिलं. प्रवासी सेवा त्यानंतर, १९७२ मध्ये सुरू झाली. गंमत म्हणजे बार्टचा गेज आपल्या ब्रॉडगेजइतकाच, १,६७६ मिलिमीटर आहे. आपल्या मेट्रो मात्र बहुतेक १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर धावतात.

आज ही परीक्षा बरीच प्रमाणित झाली आहे. युरोपात 'ईएन १३१४६' ही चाचण्यांची मालिका आहे, आणि खडीविरहित मार्गाला काय लागतं ते 'ईएन १३४८१'च्या पाचव्या भागात आहे. भारतातल्या मेट्रोंसाठी लखनऊच्या आरडीएसओने निकष ठरवले आहेत, तेही बहुतांशी याच चाचण्यांवर आधारलेले आहेत. त्यातल्या महत्त्वाच्या चाचण्या आपण एकेक करून पाहू.

पहिली चाचणी: रूळ किती धरायचा?

घट्ट धरणं हाच फास्टनरचा गुण, असं आपल्याला सहज वाटतं. उन्नत मार्गावर हे अर्धंच खरं आहे.

मेट्रोचा रूळ जोडून अखंड केलेला असतो. उन्हात तो वाढू बघतो, थंडीत आकसू बघतो, पण फास्टनर त्याला हलू देत नाहीत. मग न झालेली लांबीतली वाढ-घट बळाच्या रूपाने रुळात साठते. ६० किलोच्या रुळाचा छेद सुमारे ७६.७ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचं तापमान एका अंशाने बदललं की साधारण १८.५ किलोन्यूटन बळ तयार होतं. रूळ ज्या तापमानाला तणावरहित बसवला त्याच्यापेक्षा ३० अंशांनी थंड झाला, तर बळ होतं ५५५ किलोन्यूटन. म्हणजे एका रुळात ५५ टनांहून जास्त ओढ, आणि वर गाडी नसताना.

आता पहाटेच्या थंडीत रूळ कुठेतरी तडकला असं समजा. दोन्ही टोकं आकसून मागे जाणार. त्यांना अडवतात ते फक्त फास्टनर. एक फास्टनर लांबीच्या दिशेने ७ किलोन्यूटन धरतो आणि ७०० मिलिमीटरवर एक आहे, तर मीटरमागे १० किलोन्यूटन झाले. ५५५ किलोन्यूटन थोपवायला प्रत्येक बाजूला साधारण ५५ मीटर रूळ कामाला लागतो आणि तड्यात सुमारे १९ मिलिमीटरची फट पडते. पुलाची स्वतःची हालचाल आपण इथे सोडून दिली आहे. फास्टनरची पकड निम्मी असेल तर फट दुप्पट, ३८ मिलिमीटर. चाक त्या फटीवरून जाणार आहे. म्हणून पकड जितकी जास्त तितकं बरं, असा निष्कर्ष निघतो.

पण थांबा. खाली पूलही आहे, आणि पूलही वाढतो-आकसतो. ३० मीटरचा काँक्रीट गर्डर २० अंशांच्या फरकाने साडेसहा मिलिमीटरच्या आसपास लांबीने बदलतो. त्याचं एक टोक बेअरिंगवर सरकायला मोकळं असतं. वरचा अखंड रूळ मात्र जागेवर असतो. म्हणजे मोकळ्या टोकाजवळ पूल रुळाखालून सरकतो. फास्टनरने रूळ अजिबात सोडला नाही, तर सरकणारा गर्डर रुळाला ओढत नेईल. रुळात आधीच तापमानाचं बळ आहे, त्यात ही ओढ मिळते. बेअरिंगवर आणि खांबावरही तेवढाच उलटा जोर येतो.

म्हणून उन्नत मार्गाच्या फास्टनरला एकाच वेळी दोन गोष्टी जमाव्या लागतात. रूळ तुटला तर फट आवरेल इतकं धरायचं, आणि पूल सरकला तर रुळाला इजा होणार नाही इतकं सोडायचं. गर्डर किती लांब, बेअरिंग कोणतं, खांब किती ताठ, यावर ही किंमत ठरते. मुंबईत समुद्रामुळे तापमानातला फरक कमी असतो. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, उन्हातला रूळ त्याहूनही तापतो, आणि डिसेंबरातली पहाट कडाक्याची असते. म्हणजे एकाच राज्यातल्या दोन शहरांत हिशेब वेगळा मांडावा लागतो.

प्रयोगशाळेत हे मोजतात कसं? ओट्याच्या तुकड्यावर रुळाचा छोटा तुकडा फास्टनरने बसवतात आणि त्याला लांबीच्या दिशेने ओढतात. ओढ अडीच-अडीच किलोन्यूटनच्या पायऱ्यांनी वाढवतात, प्रत्येक पायरीवर अर्धा मिनिट थांबतात, आणि रूळ किती सरकला ते नोंदत जातात. सुरुवातीला रबर थोडं ताणतं. ओढ काढली की रूळ परत येतो. मग एका क्षणी रूळ खरोखर घसरतो. हे चार वेळा करतात, पहिलं माप टाकून देतात आणि पुढच्या तिन्हींची सरासरी घेतात. पहिल्या वेळी सगळे पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसलेले नसतात, म्हणून ते माप फसवं असतं. खडीच्या नेहमीच्या मार्गांना किमान ७ किलोन्यूटन मागतात. पुलांवर, आत्ताच पाहिलेल्या कारणामुळे, मुद्दाम कमी पकडीचे फास्टनरही वापरतात.

दुसरी चाचणी: मऊ की कडक?

आता उभ्या दिशेने बघू. समजा एका चाकाचं वजन साडेआठ टन आहे. रूळ एखाद्या लांब पट्टीसारखा वाकून ते वजन शेजारच्या फास्टनरना वाटून देतो. किती वाटेल हे फास्टनरच्या कडकपणावर ठरतं.

दोन टोकं घेऊ. पहिला फास्टनर असा, की एक मिलिमीटर दबायला त्याला १०० किलोन्यूटन लागतात. गणित केलं तर चाकाखालच्या फास्टनरवर ५४ टक्के वजन येतं आणि रूळ अर्ध्या मिलिमीटरहून कमी दबतो. दुसरा मऊ, एका मिलिमीटरला २५ किलोन्यूटन. आता चाकाखालच्या फास्टनरवर ३८ टक्केच वजन येतं, बाकीचं शेजारी घेतात, आणि रूळ सव्वा मिलिमीटरच्या आसपास दबतो. मऊ आधाराने ओट्यावरचा मार कमी होतो आणि पुलात कंपनंही कमी उतरतात. पुलाच्या शेजारी तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

मग हवं तितकं मऊ का करू नये? कारण वळणावर चाक रुळाला बाहेरही ढकलतं. पॅड फार मऊ असेल तर रूळ बाहेरच्या बाजूला कलतो आणि गेज रुंदावतो. क्लिपलाही प्रत्येक चाकागणिक जास्त वाकावं लागतं, ती लवकर थकते.

इथे रबराचा एक स्वभाव लक्षात ठेवायचा. हळू दाबलं तर ते मऊ लागतं, भराभर दाबलं तर कडक. गाडी काही हळू दाबत नाही. म्हणून कडकपणा दोनदा मोजतात, एकदा संथ भार देऊन आणि एकदा जलद. दोन्हींचं गुणोत्तर एकाच्या जितकं जवळ तितकं ते रबर आपल्या कामाचं. नुसत्या संथ चाचणीचा आकडा पाहून मऊ फास्टनर घेतला, आणि गाडीखाली तो तितका मऊ निघालाच नाही, तर पैसे कंपनं कमी करण्यासाठी मोजले आणि कंपनं तशीच राहिली असं होतं.

तिसरी चाचणी: ३० लाख वेळा

यानंतरची चाचणी सगळ्यात लांबलचक. फास्टनरवर तिरका भार देतात, म्हणजे वजन आणि वळणावरचा बाहेरचा धक्का दोन्ही एकदम. असा भार ३० लाख वेळा द्यायचा आणि काढायचा. सेकंदाला चार वेळा या वेगाने यंत्र अखंड चालवलं तरी जवळपास नऊ दिवस लागतात.

३० लाख म्हणजे किती वर्षं? चार डब्यांच्या गाडीला १६ आस असतात. एका मार्गावर दिवसाला २०० गाड्या धरल्या तर रोज ३,२०० भार होतात. म्हणजे ३० लाख भार अडीच वर्षांत पुरे होतात! फास्टनर तर याच्या कितीतरी पट टिकायला हवा. मग ही चाचणी कसली? याचं उत्तर असं की प्रयोगशाळेतला प्रत्येक भार नेहमीच्या गाडीपेक्षा जड आणि जास्त तिरका असतो. ही आयुष्याची नक्कल नसून घाईने घेतलेली कसोटी आहे. जे डिझाइन इथे टिकत नाही ते बाद करायचं. जे टिकतं त्याच्या वर्षांची हमी मात्र यातून मिळत नाही. हा फरक निविदा वाचणाऱ्याला माहीत असायला हवा.

या चाचणीचा गाभा मोडतोड शोधण्यात नाही, तुलनेत आहे. आधी पकड, क्लिपचा दाब आणि कडकपणा मोजतात. मग ३० लाख फेऱ्या, आणि पुन्हा तीच मापं. पकड आणि क्लिपचा दाब २० टक्क्यांपेक्षा जास्त बदलता कामा नये, कडकपणा २५ टक्क्यांपेक्षा. वरून सगळं शाबूत दिसतं, पण क्लिपचा दाब एक तृतीयांशाने उतरलेला असतो, असं होऊ शकतं. डोळ्यांना ते दिसत नाही, माप घेतलं तरच कळतं.

मीठ, पाणी आणि वीज

वर्सोव्याचा मार्ग समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या हवेत पोलादाचं काय होतं हे मुंबईकरांना खिडकीच्या गजांवरून ठाऊक आहे. म्हणून फास्टनर बंद पेटीत ठेवून त्यावर ३०० तास मिठाच्या पाण्याचा फवारा मारतात. साडेबारा दिवस. यानंतरचा निकष आम्हाला फार आवडतो, कारण तो कामगाराच्या बाजूने विचार करतो. गंज किती चढला हा प्रश्न नाहीच. फास्टनर साध्या हाती अवजारांनी, काहीही न मोडता, उघडता आला पाहिजे. रात्री दोन वाजता पुलावर उभ्या असलेल्या माणसाला बोल्ट फिरवता आला नाही, तर बाकीच्या गुणांचा उपयोग काय?

विजेची गोष्ट जरा वेगळी. गाडीला वीज देऊन परतणारा प्रवाह रुळांतून जातो. तो ओट्यात झिरपू नये म्हणून फास्टनरने रोध करायचा असतो. रुळावर ठरलेल्या दराने पाणी फवारत, ओल्या अवस्थेतच हा रोध मोजतात. मान्य किमान आकडा ५ किलोओहम आहे. ऐकायला तो भरपूर वाटतो. पण एका रुळाच्या एका किलोमीटरमध्ये १,४०० हून जास्त फास्टनर असतात आणि ते विजेच्या भाषेत समांतर जोडलेले असतात. सगळ्यांचा मिळून रोध साडेतीन ओहमवर येतो.

मुंबई, पुणे, नागपूरच्या मेट्रो २५ हजार व्होल्ट एसीवर चालतात. बेंगळुरूसारखी मेट्रो ७५० व्होल्ट डीसीवर. डीसीमध्ये झिरपलेला प्रवाह पुलाच्या सळ्यांतून वाट काढतो आणि जिथून बाहेर पडतो तिथलं लोखंड विरघळवतो. एक ॲम्पिअर प्रवाह वर्षभर असा वाहिला तर ९ किलोहून जास्त लोखंड जातं. म्हणून डीसी मार्गांवर या किमान आकड्यावर समाधान मानत नाहीत.

खालचा आधार

फास्टनर उत्तम असला तरी तो ज्याला धरतो ते काँक्रीट कच्चं असेल तर? म्हणून इन्सर्ट उपसण्याची चाचणी आहे. ओट्यातला इन्सर्ट ६० किलोन्यूटनने, म्हणजे सहा टनांच्या ओढीने, तीन मिनिटं वर खेचून धरतात. तो सुटता कामा नये आणि आजूबाजूला तडा दिसता कामा नये.

एक जागा विशेष जपायची: गर्डरचं टोक. गाडी गर्डरच्या मध्यावर आली की गर्डर वाकतो, आणि बेअरिंगच्या पलीकडे आलेलं त्याचं टोक किंचित वर उचललं जातं. बेअरिंगपासून अर्धा मीटर पुढे आलेलं टोक आणि हजारात एक एवढंच फिरणं धरलं, तरी तिथला फास्टनर अर्धा मिलिमीटर वर-खाली होतो. मधल्या फास्टनरना हा त्रास नाही. शेवटच्या दोन-तीन फास्टनरना मात्र प्रत्येक गाडीला दाब आणि उपसणं दोन्ही सोसावं लागतं. पाहणी करायला वेळ थोडा असेल तर सुरुवात इथून करावी.

प्रश्नोत्तरं

एक प्रश्न असा आला आहे: आमच्या इमारतीसमोरून मेट्रो जाते, मऊ पॅड बसवले की आवाज थांबेल का?

आवाज दोन वाटांनी येतो. एक पुलाच्या काँक्रीटमधून, घुमणारा, खालच्या पट्टीचा. मऊ पॅड तो कमी करतात. दुसरा खुद्द रुळातून, वरच्या पट्टीचा. पॅड मऊ असेल तर रूळ जास्त मोकळेपणी आणि जास्त लांबपर्यंत थरथरतो, त्यामुळे हा दुसरा आवाज उलट वाढू शकतो. त्यावर कठड्याच्या ध्वनिरोधक भिंती आणि रुळाचं ग्राइंडिंग लागतं. चाक घासून सपाट झालं असेल किंवा रुळावर लाटा पडल्या असतील, तर पॅड बदलून फारसं हाती लागत नाही. म्हणून तक्रार करताना 'आवाज येतो' एवढंच लिहू नका. घुमतो की किंचाळतो, प्रत्येक गाडीला येतो की काहींनाच, ते लिहा. काही गाड्यांनाच येत असेल तर दोष चाकात असण्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रश्न: प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेला फास्टनर जागेवर बिघडतो, तो का?

कारण प्रयोगशाळेत जे तपासलं तो नमुना होता. तिथे बोल्ट ठरलेल्या पिळाने आवळला होता, ओटा अगदी सपाट होता, क्लिप नेमक्या जागी बसली होती. जागेवर ओट्याची पातळी दोन मिलिमीटर चुकते, मग पट्ट्या सारून ती जुळवतात. क्लिप घाईत जास्त आत ठोकली जाते. रबराची एखादी खेप वेगळी निघते. चाचणीचा कागद डिझाइन चांगलं आहे एवढंच सांगतो. आलेली खेप चांगली आहे का, आणि बसवणाऱ्याने नीट बसवली का, हे वेगळं तपासावं लागतं. याच कारणासाठी 'ईएन १३१४६'च्या मालिकेत प्रत्यक्ष चालत्या मार्गावरच्या चाचणीचा एक स्वतंत्र भाग आहे.

आपल्या शहरात नवा मार्ग होत असेल आणि कुणी अधिकारी म्हणाले की फास्टनर प्रमाणित आहेत, तर आदराने तीन गोष्टी विचाराव्यात. खेपेगणिक नमुने काढून तपासता का? मार्ग सुरू झाल्यावर एक-दोन वर्षांनी क्लिपचा दाब आणि पॅडचा कडकपणा पुन्हा मोजणार का? आणि गर्डरच्या टोकांचे फास्टनर वेगळ्या यादीत ठेवले आहेत का? या तिन्हींची उत्तरं नोंदवहीत सापडली, तर तो मार्ग जाणत्या हातांत आहे असं समजायला हरकत नाही.